राजकीय छळाची भीती: आश्रयाचा अर्ज तपासतात तरी कसा?

नमस्कार. एक माणूस सांगतोय, "मला परत पाठवलंत तर सरकार मला सोडणार नाही." निर्णय अधिकाऱ्याने घ्यायचाय. माणसाकडे कागद थोडे, साक्षीदार सगळे परदेशात. त्याच्या सरकारला विचारून खात्री करावी, तर त्याचं नाव तिकडे कळणार आणि मागे राहिलेले घरचे संकटात येणार. म्हणून ते दार बंदच असतं.

मग ठरवायचं कशावरून? आज ब्रिटनची पद्धत बघू.

पाया आहे 1951 चा निर्वासित करार. भारताने त्यावर सही केलेली नाही, ब्रिटनने केली आहे. छळाच्या भीतीमागे पाचपैकी एक तरी कारण लागतं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत. आणि भीती साधार हवी.

इथेच पहिला गोंधळ होतो. प्रश्न उद्याचा असतो: परत गेल्यावर काय होईल? पूर्वी मारहाण झाली असेल तर तो भक्कम पुरावा आहे. पण ज्याला आजवर कुणी हातही लावला नाही, त्याचाही अर्ज मंजूर होऊ शकतो. उलट, ज्या राजवटीने छळलं तीच कोसळली असेल, तर खरी हकीकतही अपुरी पडू शकते.

28 जून 2022 पासून आलेल्या अर्जांना दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर दोन गोष्टी बघतात: या माणसाचं असं राजकीय मत आहे का, किंवा छळ करणारे तसं समजतात का, आणि त्याला खरोखर भीती वाटते का. इथे पारडं निम्म्याहून जास्त झुकावं लागतं. दुसऱ्या पायरीवर कसोटी सौम्य आहे: परतल्यावर छळ होण्याची वाजवी शक्यता आहे का, आणि तिथे संरक्षण मिळेल का. या दोन कसोट्या एकमेकींत मिसळल्या की निकालपत्र फसतं. "छळ होईल हे सिद्ध झालं नाही" असं वाक्य दिसलं तर तिथेच थांबा. दुसऱ्या पायरीवर इतकी खात्री मागायचीच नसते.

आता 'राजकीय मत'. यासाठी पक्षाचं ओळखपत्र लागत नाही. जखमी आंदोलकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला सरकार विरोधक समजत असेल, तर डॉक्टरचं स्वतःचं मत काय याने फरक पडत नाही. त्याहून पुढचा मुद्दा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये झिम्बाब्वेच्या प्रकरणात मांडला. सत्ताधाऱ्यांच्या टोळ्या रस्त्यात अडवून निष्ठेचा पुरावा मागत होत्या. ज्याला राजकारणाशी देणंघेणंच नाही, त्याने जीव वाचवण्यासाठी खोटी निष्ठा दाखवावी अशी अपेक्षा करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत माणुसकीचा निकाल आहे.

आणि आता विश्वासार्हता. अनेक अर्ज इथेच अडकतात, म्हणून जरा सावकाश.

मुलाखतीत "पक्षाची स्थापना कधी झाली?" असली प्रश्नमंजुषा फारसं काही सांगत नाही. पत्रकं वाटणाऱ्या पोराला जाहीरनामा पाठ नसतो. माहिती किती असावी, हे त्याच्या कामावरून आणि शिक्षणावरून ठरवायचं. "सभेच्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा," असं विचारलं की बरंच कळतं.

मग तारखा. इराणी अर्जदार सौर हिजरी सनात बोलतो. ज्यांच्या मृत्यूनंतर इराणभर आंदोलन पेटलं, त्या महसा अमिनी यांचा मृत्यू 16 सप्टेंबर 2022 चा. त्याच्या पंचांगात तो 25 शहरीवर 1401. इथिओपियात वर्षाला 13 महिने, आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. दुभाषा तोंडी हिशोब करतो, महिना चुकतो, आणि निकालपत्रात येतं "विसंगती". उपाय सोपा: तारीख आधी मूळ पंचांगातच लिहून घ्या, रूपांतर नंतर करा.

स्मरणशक्तीचंही तसंच. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कोसोवो आणि बोस्नियाच्या निर्वासितांचा अभ्यास आला. त्यांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, खोटं बोलण्याचं कारण नव्हतं. तरी त्याच घटनेच्या दोन कथनांत फरक पडले, आणि मुख्य घटनेपेक्षा आजूबाजूच्या तपशिलांत जास्त. म्हणून पोलिसांची गाडी पांढरी की निळी यावरून अर्ज फेटाळणं चूक आहे. अटक झाली होती की नाही यावरच उत्तर बदललं, तर मात्र खोलात जायलाच हवं.

कागदपत्रं खरीच किंवा खोटीच असं आधीच धरायचं नसतं. बाकी सगळ्या पुराव्यासोबत ठेवून तोलायची. ती विश्वासार्ह आहेत हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची. अटक वॉरंट आणलं असेल तर आधी हे तपासा: त्या देशात त्याची प्रत आरोपीच्या घरी देतात का?

ब्रिटनमध्ये आल्यावर दूतावासासमोर निदर्शनं केली, फेसबुकवर लिहिलं, तर? तेही धरतात. हेतू स्वार्थी वाटला तरी धोका खरा असू शकतो. मग बघायचं की ते सरकार पाळत ठेवतं का, आणि गर्दीतला हा चेहरा ओळखता येईल का. फेसबुकचे नुसते स्क्रीनशॉट मात्र फारसे कामाचे नाहीत, कारण ते सहज बदलता येतात. 2022 च्या एका इराणी प्रकरणात ट्रायब्युनलने, म्हणजे आश्रयाची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, हेच सांगितलं. खात्याचा संपूर्ण डेटा डाउनलोड करून द्या.

"देशातल्या दुसऱ्या शहरात जाऊन राहा" हा प्रश्नही येतो. छळ करणारं सरकारच असेल, तर त्याचा हात सहसा सगळ्या शहरांत पोचतो. युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे केलेल्यांना मात्र करारच बाहेर ठेवतो, भीती कितीही खरी असो.

अर्ज नामंजूर झाला आणि ब्रिटनमधून अपिलाचा हक्क असेल, तर मुदत साधारण 14 दिवसांची. पत्र हातात येताच आधी एवढंच शोधा: नकार पहिल्या पायरीवर आहे की दुसऱ्या? पहिल्या पायरीवर असेल तर मुलाखतीचं लेखी टिपण आणि ध्वनिमुद्रण ताडून बघा. दुसऱ्या पायरीवर असेल तर त्या देशाच्या परिस्थितीचे ताजे अहवाल गोळा करा.