परजीवी कुणाच्या अंगात, माशी कुणाच्या अंगावर

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी लिशमानिया नावाच्या एका परजीवीविषयी बोलणार आहे. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेशात ज्याला काळा आजार म्हणतात, तो याच परजीवीमुळे होतो. ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही, पाणथरी वाढत वाढत पोटावरून हाताला लागू लागते, रक्त कमी होत जाते आणि उपचार मिळाले नाहीत तर रोगी बहुधा दगावतो. महाराष्ट्रात हा आजार रुजलेला नाही. मात्र तो पसरवणारी वाळूमाशी आपल्याला परकी नाही, कारण नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला विषाणूही वाळूमाश्याच पसरवतात.

ही माशी डासाहूनही लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, अंगभर केस असलेली. ती गुणगुणत नाही. गोठ्याच्या मातीच्या भिंतीतल्या भेगांत दिवस काढते आणि अंधार पडला की आखूड उड्या घेत भक्ष्यापर्यंत पोचते. तिने रक्त पिताना सोडलेल्या परजीवींना आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी गिळून टाकतात, आणि नेमक्या त्याच पेशींच्या पोटात, जिथे इतर जंतू पचून जातात तिथे, हे परजीवी वाढत राहतात. विल्यम लिशमन यांनी दमदमच्या छावणीत राहिलेल्या एका मृत सैनिकाच्या पाणथरीत पाहून १९०३ साली जाहीर केलेले सूक्ष्म गोल कण आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना आढळलेले कण एकच आहेत हे ओळखून रोनाल्ड रॉस यांनी त्या जीवाला दोघांचीही नावे दिली.

परजीवी सापडला, तरी तो माणसाच्या अंगात शिरतो कसा हे सिद्ध व्हायला पुढची जवळपास चाळीस वर्षे गेली. माशीच्या आतड्यात परजीवी दिसत होते, परंतु तिच्या चाव्याने आजार होत असल्याचे दाखवता येत नव्हते. अडचण माशीच्या आहारात होती. बाधित रक्त पाजल्यावर संशोधक तिला पुन्हा रक्तच पाजत असत. तिला मनुके चोखायला दिल्यावर मात्र परजीवी इतके माजले की त्यांनी तिचा घसाच भरून गेला, कारण निसर्गातही ही माशी रक्ताखेरीज वनस्पतींच्या गोड रसावर जगते. ही युक्ती वापरून स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली स्वयंसेवकांना माश्या चावू देऊन संसर्ग पोचतो हे सिद्ध केले. प्रयोगशाळेतल्या प्राण्याचे खाणे-पिणे न समजून घेता काढलेला निष्कर्ष किती फसवा असतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. एखाद्या प्राण्याच्या अंगात परजीवी सापडणे आणि त्या प्राण्याकडून तो माशीत जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेपाळमध्ये गाई, म्हशी आणि शेळ्यांच्या रक्तात लिशमानियाचा डीएनए आढळला. पण तेवढ्यावरून शेळीला रोगाचा साठा, म्हणजे जिथून माश्या परजीवी उचलतात असा प्राणी, ठरवता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, परजीवीमुक्त, भुकेल्या माद्या एका जाळीच्या कपात भरून तो कप त्या प्राण्याच्या किंवा माणसाच्या कातडीला लावावा लागतो, त्यांना पोटभर रक्त पिऊ द्यावे लागते आणि काही दिवसांनी एकेक माशी तपासून तिच्यात परजीवी आहेत का ते पाहावे लागते. काम किचकट आहे, पण या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातूनच मिळते.

स्पेनमधल्या माद्रिदजवळ फुएनलाब्रादा नावाचे शहर आहे. तिथे २००९च्या जुलैपासून २०१२च्या अखेरपर्यंत या आजाराचे ४४६ रुग्ण नोंदले गेले. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत संशय आधी कुत्र्यावर जातो, आणि ते साहजिकही आहे, कारण १९०८ साली ट्युनिसमध्ये शार्ल निकोल यांना कुत्र्यांतच हा परजीवी सापडला होता. परंतु फुएनलाब्रादातल्या कुत्र्यांत बाधेचे प्रमाण नेहमीइतकेच कमी होते. मग पकडलेल्या माश्यांच्या पोटातले रक्त तपासले, तेव्हा ते मुख्यतः सशांचे निघाले. शहरालगत नव्याने केलेल्या हरित उद्यानात शिकारीला बंदी होती, शिकारी प्राणी नव्हते आणि रानससे बेसुमार वाढले होते. धडधाकट दिसणाऱ्या त्या सशांचे रक्त प्रयोगशाळेतल्या माश्यांना पाजले आणि त्या बाधित झाल्या. चांगल्या हेतूने केलेल्या उद्यानातून ही साथ उभी राहिली, याचे मला आजही विलक्षण नवल वाटते. त्या माश्यांच्या पोटातले रक्त कोणी तपासलेच नसते, तर दोष कुत्र्यांवरच राहिला असता.

कुत्र्यांविषयी एवढेच सांगतो की, जिथे ते खरोखर साठा आहेत तिथेही त्यांना मारून टाकणे हाच उपाय आहे असे मला वाटत नाही. वायव्य इराणमधल्या खेड्यांत कुत्र्यांच्या गळ्यात डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचे पट्टे बांधले गेले, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्या खेड्यांतल्या मुलांमधला संसर्गही घटल्याचे दिसले.

भारतात मात्र चित्र वेगळे आहे. आपल्याकडची वाळूमाशी गोठ्यात वाढते, गुरांचे रक्त आवडीने पिते, आणि तरीही काळ्या आजाराचा साठा माणूसच मानला जातो. बिहारमध्ये माणसांवर हीच माश्यांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. काळ्या आजाराच्या रुग्णांकडून माश्या बाधित झाल्या. ज्यांच्या अंगात संसर्गाच्या खुणा होत्या पण आजार नव्हता, त्यांच्यापैकी एकाकडूनही झाल्या नाहीत. आणखी एक गट असा निघाला की ज्यांच्याकडून माश्या बाधित होत होत्या, पण जे स्वतःला रोगी समजत नव्हते. काळा आजार बरा झाल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही जणांच्या कातडीवर फिकट चट्टे आणि गाठी उठतात. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कोलकात्यात १९२२ साली या विकाराचे वर्णन केले होते. ताप नाही, वेदना नाहीत, म्हणून माणूस दवाखान्यात येत नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये बांगलादेशाने हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. असा मान मिळवणारा तो जगातला पहिला देश. भारतातही रुग्णसंख्या फार खाली आली आहे. म्हणून आता बिहारच्या गावांत आशा कार्यकर्ती तापाबरोबर कातडीचीही चौकशी करते. फिकट चट्टा दिसला की पहिला प्रश्न कुष्ठरोगाचा असतो. त्या चट्ट्यावर स्पर्श कळत असेल आणि त्या माणसाला पूर्वी काळा आजार होऊन गेला असेल, तर त्याला तपासणीसाठी पाठवले जाते, आणि निदान पक्के झाले की मिल्टेफोसिनच्या गोळ्यांचा बारा आठवड्यांचा उपचार सुरू होतो.

नमस्कार.