कणाला ठिगळं किती?

मंडळी, टेबलावर हे डालगं मी मुद्दाम आणून ठेवलंय. कोंबड्या झाकायला वापरतात तेच. पुढे बसलेल्यांनी त्याची वीण जरा निरखून बघा. बांबूच्या कामट्या तीन दिशांनी गेल्यात. मध्ये षटकोनी भोकं आहेत आणि भोकांच्या कडेला छोटे त्रिकोण. आता जिथे जिथे दोन कामट्या एकमेकींना ओलांडतात, तिथे एकेक मणी बसवलाय असं समजा. कुठलाही मणी घेतलात तरी त्याला शेजारी चारच. जपानीत या विणीला कागोमे म्हणतात, म्हणजे टोपलीचे डोळे. भौतिकशास्त्रातही तेच नाव रुळलंय.

2011 साली इलिनॉय विद्यापीठात छ्यान चेन, सुंग चुल बे आणि स्टीव्ह ग्रॅनिक यांनी पाण्यातल्या कणांकडून हीच वीण घडवून आणली. कण पॉलिस्टायरीनचे, साधारण एक मायक्रॉनचे. प्रत्येक कणाच्या दोन्ही ध्रुवांवर पाण्याचा तिटकारा असलेलं एकेक ठिगळ, आणि मधल्या पट्ट्यावर विद्युतभार. पाण्यात मीठ घातलं की भारांचं एकमेकांना दूर लोटणं मंदावतं आणि ठिगळाला ठिगळ चिकटतं. एका ठिगळाला दोन शेजारी, म्हणजे कणाला चार. सपाट तळावर पसरलेल्या या कणांनी आपापली जागा शोधली आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे डालगं दिसू लागलं. सगळीकडून सारखेच चिकटणारे गोळे असते, तर प्रत्येकाभोवती सहा शेजारी दाटीवाटीने बसले असते आणि भोकं उरलीच नसती.

पाण्यात तरंगणाऱ्या अशा बारीक कणांना आपण कलिल म्हणतो. मी ज्या प्रश्नावर काम करतो तो असा: ठिगळं किती, केवढी आणि कुठे, एवढंच कळलं तर या कणांचा वायू होईल, द्रव होईल की स्फटिक, हे कण बनवण्याआधी सांगता येईल का?

त्यासाठी संगणकात जे चित्र उभं करतो ते अगदी साधं आहे. नोर्बर्ट केर्न आणि डान फ्रेंकेल यांनी ते 2003 साली मांडलं. एक टणक गोळा घ्या. ठिगळाच्या जागी, गोळ्याच्या केंद्रातून बाहेर उघडणारा एक शंकू कल्पा. दोन गोळे पुरेसे जवळ आले आणि त्यांची केंद्रं जोडणारी रेघ दोघांच्याही शंकूंतून गेली, तर जोड झाला आणि ऊर्जा एका एककाने उतरली. नाहीतर काहीच नाही. एकमेकांत घुसायचं नाही, ही अट मात्र कायम.

मग हे गोळे हलवायचे कसे? 1953 साली लॉस अलामॉसला मेनियाक नावाच्या यंत्रावर 224 चकत्यांवर जी रीत वापरली गेली, तीच आजही आमचा पाया आहे. ती मेट्रोपोलिसच्या नावाने ओळखली जाते, पण यंत्रासाठीचा प्रोग्राम लिहिला होता आरियाना रोझेनब्लुथ यांनी. हे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. रीत अशी: एक गोळा उचला, थोडा सरकवा, थोडा फिरवा. दुसऱ्यात घुसला तर परत जागेवर. ऊर्जा उतरली किंवा तेवढीच राहिली तर चाल मान्य. चढली, म्हणजे जोड तुटला, तर फासा टाकायचा. तापमान जितकं कमी, तितकी ती चाल मान्य होण्याची शक्यता कमी. असं कोट्यवधी वेळा.

यातल्या ‘थोडा फिरवा’पाशी जरा थांबतो, कारण मी तिथेच चुकलो होतो. गोळ्याला नवी दिशा द्यायची म्हणून मी ध्रुवापासूनचा कोन 0 ते 180 अंशांत सरसकट निवडत होतो. ऐकायला रास्त वाटतं. पण गोलावर ध्रुवाजवळची वर्तुळं लहान असतात आणि विषुववृत्ताजवळची मोठी. खऱ्या यादृच्छिक दिशांपैकी जेमतेम 13 टक्के कुठल्या ना कुठल्या ध्रुवाच्या 30 अंशांच्या आत पडतात. माझ्याकडे 33 टक्के पडत होत्या. दोन ठिगळांच्या कणांच्या साखळ्या सगळ्या उभ्या राहू लागल्या आणि मला वाटलं, नवी प्रावस्था, म्हणजे पदार्थाची नवी अवस्था सापडली! चूक कळली ती जोड बंद करून प्रोग्राम चालवला तेव्हा. आकर्षण नसतानाही कण उभेच. तेव्हापासून माझा नेम आहे: आधी जोडाशिवाय चालवायचं, दिशा मोजायच्या, मगच ठिगळं चालू करायची. कोन सरसकट न निवडता त्याची कोसाइन सरसकट निवडली, की हिशेब बरोबर बसतो.

आता या विषयातल्या सगळ्यात सुंदर गोष्टीकडे येतो.

साध्या द्रवात कणाला डझनभर शेजारी असतात. द्रव म्हणजे दाटी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. 2006 साली रोममध्ये एमानुएला बियांकी, फ्रांचेस्को शोर्तिनो आणि सहकाऱ्यांनी शेजाऱ्यांवरच मर्यादा घातली. ठिगळ इतकं अरुंद ठेवलं की एका ठिगळाला एकच जोड शक्य व्हावा. वायू आणि द्रव यांतला भेद जिथे मिटतो त्या क्रांतिक बिंदूला, चार ठिगळांचे कण जागेचा सुमारे 14 टक्के भाग व्यापतात. तीन ठिगळं असतील तर 7 टक्के. दोन आणि तीन ठिगळांचे कण मिसळून सरासरी दोनाकडे नेली, तर हा आकडा शून्याकडे सरकत जातो. म्हणजे जवळजवळ सगळी जागा मोकळी आणि तरीही तो द्रव! त्यांनी त्याला रिकामा द्रव म्हटलं.

हे का होतं? दोन ठिगळांच्या कणांची नुसती साखळी होते. साखळीला फांद्या फुटायला अधूनमधून तिसरं ठिगळ लागतं. फांद्या कमी असल्या की जाळं विरळ होतं, आणि ऊर्जेच्या दृष्टीने ते तरीही पूर्ण समाधानी असतं, कारण प्रत्येक ठिगळाला जोड मिळालेला आहे. आणखी जवळ यायला कुणाला कारणच उरत नाही.

पण किंमत आहे. तीन ठिगळांच्या क्रांतिक तापमानाला एक जोड तोडणारी चाल सुमारे 40 हजारांत एकदा मान्य होते. पडद्यावर सगळं गोठल्यासारखं दिसतं. इथे घाई करणारा माणूस अडकलेल्या चित्रालाच उत्तर समजतो. म्हणून आम्ही वेगवेगळ्या सुरुवातींपासून, एकदा विरळ वायूतून आणि एकदा दाट गर्दीतून, तेच तापमान गाठतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या, तरच विश्वास ठेवायचा.

निसर्गालाही हीच चिकाटी लागली. लॅपोनाइट नावाची कृत्रिम माती आहे. तिच्या चकत्या 25 नॅनोमीटर रुंद आणि एक नॅनोमीटर जाड, पृष्ठभागावर ऋणभार, कडेला धनभार. त्यामुळे एकीची कड दुसरीच्या पाठीला लागते आणि शेजारी आपोआप मोजके राहतात. बार्बरा रुझिका आणि सहकाऱ्यांनी मातीचं प्रमाण वजनाने एक टक्क्याच्या खाली ठेवलेल्या नमुन्यांवर अनेक वर्षं नजर ठेवली. शेवटी ते वेगळे झाले: वर जवळपास नुसतं पाणी, खाली विरळ जाळं. त्याहून जास्त माती असलेल्या नमुन्यांचं वेगळं न होता जेल झालं आणि तसंच राहिलं. 2011 साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा संगणकातला रिकामा द्रव बाटलीत उतरला होता.

ठिगळाच्या रुंदीवर किती अवलंबून आहे, ते 2013 साली फ्रँक स्मॉलेनबर्ग आणि शोर्तिनो यांनी दाखवलं. चार ठिगळं आणि अरुंद शंकू असेल तर थंडीत हिऱ्यासारखी रचना जिंकते. जोड अजूनही एकाला एकच ठेवून शंकू रुंद केला, की जोडांना वाकायला वाव मिळतो. विस्कळीत जाळी बांधायचे मार्ग इतके वाढतात की कितीही थंड केलं तरी द्रवच स्थिर राहतो. जोड दोन्हीकडे पूर्ण आहेत, ऊर्जेत फरक नाही, निकाल फक्त मार्गांच्या संख्येने लागतो.

हिऱ्याची रचना हवी असते ती प्रकाश अडवणाऱ्या स्फटिकांसाठी, आणि ती कणांकडून बांधून घेणं फार काळ जमत नव्हतं. चार ठिगळं चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या, कोनांवर ठेवली तरी दोन कण आपल्या जोडाभोवती गरागरा फिरू शकतात. हिऱ्यासाठी एकाचे तीन हात दुसऱ्याच्या तीन हातांच्या मधोमध यावे लागतात. 2020 साली न्यूयॉर्क विद्यापीठात डेव्हिड पाइन यांच्या गटाने चार गोळ्यांचे किंचित दाबलेले पुंजके बनवले आणि डीएनए लावलेली ठिगळं गोळ्यांमधल्या खोलगट जागी ठेवली. आता दोन पुंजके जोडले जायचे तर एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत बसावेच लागतात. फिरायला जागाच उरली नाही, आणि हिरा झाला.