आधी आवाज, मग पाना

(माहितीपटाचं निवेदन. दृश्य: पहाटेचं धुकं, पत्र्याची शेड. आधी फक्त आवाज.)

फट्. थोडा वेळ काही नाही. मग लागोपाठ दोनदा, फट् फट्. पिंपळावरचे कावळे उडाले.

बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे गॅरेज. दारात थरथरत उभी आहे ती सीजे-थ्री-बी जीप. विलिस कंपनीनं 1953 साली अमेरिकेत हे मॉडेल काढलं आणि पुढे महिंद्रनं ते आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलं. आधीच्या जीपपेक्षा हिचं बॉनेट उंच आहे. आतलं 2199 सीसीचं हरिकेन इंजिनच उंच, त्याला जागा लागते. एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, इनलेटचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे वर हेडमध्ये, अशी त्याची रचना. खानापूर तालुक्यातल्या माळावर, जांबोटीच्या चढाला, शेणखताच्या आणि माणसांच्या खेपा करत या जीपांनी दोन-तीन पिढ्या पाहिल्या. पुढे बहुतेकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. हिचं मूळ इंजिन अजून तसंच आहे.

मालक ऊस लावणारे शेतकरी. या जीपसाठी त्यांनी आधी दुसरीकडे कॉइल बदलली, प्लग बदलले, वायरींचा सेट बदलला. शेवटी त्यांना सल्ला मिळाला, "डिझेल इंजिन टाका." जीप पाच महिने गोठ्याशेजारी उभी राहिली.

(दृश्य: मिस्त्री बॉनेट उघडतात, हातात पाना नाही.)

मिस्त्री पान्याला हात लावत नाहीत. ते आधी मागे जातात, सायलेन्सरजवळ वाकतात. मग पुढे येऊन कार्बोरेटरवर कान धरतात. शिकाऊ पोरगा स्पॅनर घेऊन उभा असतो, त्याला ते हातानंच थांबवतात.

"आवाज कुठनं येऊलाय ते बघ आधी."

हा प्रश्न साधा नाही. मागं फुटणारा आवाज आणि पुढं फुटणारा आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत. सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो, म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडलं आणि तापलेल्या नळीत पेटलं. ठिणगी चुकली, उशिरा पडली किंवा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळाला, की असं होतं. कार्बोरेटरमधून फट् वाजतं तेव्हा उलटं घडतं. जाळ अजून विझलेला नसताना इनलेटचा व्हॉल्व्ह उघडतो आणि आग आल्या वाटेनं परत फिरते. हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लीन असेल, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, तर ते सावकाश जळतं. मग हा धोका वाढतो.

ही जीप दोन्हीकडून वाजते.

(दृश्य: प्लगच्या वायरी, रबरी मुठीची पक्कड.)

इंजिन चालू ठेवून मिस्त्री एकेक वायर उपसतात. एक नंबर काढली, इंजिन खाली बसलं. परत लावली. तीन, चार, दोन. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम हाच, 1-3-4-2, आणि त्यांचा हातही त्याच क्रमानं फिरतो. एखादा सिलिंडर मेलेला असता, तर त्याची वायर काढून काही फरक पडला नसता. इथे चारही वेळा इंजिन सारखंच दचकलं. म्हणजे चौघंही काम करतात, आणि चौघंही अधूनमधून चुकतात.

इथे ते पहिल्यांदा बोलतात. "एकाचं दुखणं नाही हे. चौघांना मिळून जे लागतं, तिथं बघायचं."

चौघांना मिळून लागणाऱ्या गोष्टी दोनच, ठिणगी आणि पेट्रोल. निदानातली ही अर्धी वाट त्यांनी एकही बोल्ट न सोडता पार केली. आम्हाला हेच दाखवायचं होतं. पार्ट बदलत बदलत दुखणं गाठायचं ही एक पद्धत झाली, पण तिची किंमत गाडीवाला मोजतो.

सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं, चारही आकडे एकमेकांजवळ. व्हॉल्व्ह, पिस्टन ठीक. मग व्हॅक्युम गेज, इंजिन हवा किती जोरानं ओढतं ते दाखवणारं. पुस्तकात लिहिलेलं असतं, आयडलिंगला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, काटा 18 ते 20 इंचांवर स्थिर हवा. पण पुस्तक समुद्रसपाटीचं. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करावा लागतो. इथे 16-17 दिसलं तर इंजिन निरोगी. नवा माणूस तोच आकडा बघून व्हॉल्व्ह उघडायला बसेल. आत्ता काटा 12 ते 16 मध्ये भटकतोय, पण ठेक्यानं नाही. व्हॉल्व्ह खराब असता तर काटा तालात मागे पडला असता. हा बेताल आहे.

(दृश्य, अगदी जवळून: डिस्ट्रिब्यूटरची कॅप निघते. दोन बोटं शाफ्टवर.)

हे बघा. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा. मिस्त्रींनी दोन बोटांत शाफ्ट धरला आणि बाजूला ढकलला. तो हलला. किती हलला, ते फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पट्ट्या सांगतात. पॉइंट उघडला की ठिणगी पडते; त्याचा गॅप 20 थाऊ हवा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. 20 ची पट्टी बसली. शाफ्ट अलीकडे ढकलला, तर तीच पट्टी जाईना. 14 ची गेली.

शाफ्ट ज्या नळीत फिरतो, तो बुश झिजलाय. त्यामुळे शाफ्ट फिरताना डुलतो, पॉइंट कधी आधी उघडतो कधी नंतर, आणि ठिणगीची वेळ प्रत्येक फेरीला वेगळी पडते. टायमिंग लाइट लावली तेव्हा पुलीवरची खूण एका जागी दिसायला हवी होती, ती नाचत होती. नवी कॉइल, नवे प्लग, नव्या वायरी, सगळं चांगलं होतं. पण त्यांना ठिणगी टाकायचा हुकूम देणाराच डुलत होता.

बुश तयार मिळत नाही. तो उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत कापून घ्यायचा. बेळगावात ही सोय आहे, फाउंड्री आणि लेथ यांचं हे गाव.

(दृश्य: लेथ, गनमेटलचा रॉड, सोनेरी बारीक चुरा.)

मालकाशी मराठीत बोलणारे मिस्त्री लेथवाल्याशी कन्नडमध्ये बोलतात, आणि मापं दोघंही इंग्रजीत सांगतात. शाफ्ट सोबत नेलाय. लेथवाला थोडं कापतो, मशीन थांबवतो, शाफ्ट घालून बघतो, पुन्हा थोडं कापतो. शेवटी शाफ्ट तेलाच्या थेंबासह स्वतःच्या वजनानं आत उतरतो. त्या क्षणी कुणी काही बोलत नाही. आम्हीही इथे थांबतो.

(निवेदन नाही. फक्त चित्र.)

नवा बुश, पॉइंट 20 थाऊ, टायमिंग 5 अंश. जीप सुरू झाली. मागचा फटाका बंद. पण पाय झटक्यात दाबला, की कार्बोरेटरमधून अजूनही एक फट्. पहिल्या दुखण्याच्या आड दुसरं लपलं होतं.

काढलेले प्लग मिस्त्रींनी ओळीनं मांडून ठेवले होते, ते आता कामाला आले. चारही टोकं पांढरट. तपकिरी हवी होती. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटर उघडला, तळाशी गाळ. पाय दाबल्यावर पेट्रोलची जादा पिचकारी मारणारा जो पंप, त्याचं रबर कडक झालेलं.

यात इथेनॉलचाही हात आहे. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर येऊ लागलं. ते जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, जुन्या रबराला मानवत नाही, ओल धरतं. आणि ते जळायला हवा कमी लागते, त्यामुळे साध्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर, मिक्श्चर आपोआप लीन होतं. यातलं काही इथेनॉल बनतं ते याच पट्ट्यातल्या उसापासून. शेतकऱ्याला त्याचा भाव मिळावाच. पण जुनी गाडी चालवणाऱ्याला जेट आणि रबर बदला, एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं.

टाकी धुतली, रबर नवीन घातलं, जेट एक नंबर मोठा. हे काम एका दुपारचं.

मिस्त्रींकडे शिकायला पूर्वी पाच-सहा पोरं असायची, आता एक आहे.

(दृश्य: संध्याकाळ. गेजचा काटा.)

काटा 17 वर उभा आहे. पोरगा गाडीत बसून पाय दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. मिस्त्री मागे सायलेन्सरशी वाकून ऐकतात, मग पुढे येऊन ऐकतात, मग त्याला इंजिन बंद करायला सांगतात.

मालक किल्ली घेतात. मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरची कॅप फडक्यानं पुन्हा एकदा पुसतात. आतल्या बाजूला केसाएवढी काळी रेघ आहे, ती ते मालकांना दाखवतात.

"काका, मोठा पाऊस झाला की एकदा घेऊन या. ओल धरली तर ठिणगी हितनंच पळणार."