आधी पिंजरा

[पुणे, सिंहगड रोड. सोसायटीचं पार्किंग. धुळीची ताडपत्री ओढली जाते.]

२००४ सालची मारुती एस्टीम. नोंदणीची १५ वर्षं २०१९ मध्ये संपली, नूतनीकरण राहून गेलं, आणि गाडी या खांबाशेजारी उभी राहिली ती राहिलीच. चारही टायर बसलेत. गाडी विकायची म्हटल्यावर मालक आजोबा पायपंप घेऊन स्वतः खाली आलेत.

[आजोबा हवा भरतात. फक्त पंपाचा आवाज.]

घेणारी मुलगी हडपसरला नोकरी करते. तिला ऑटोक्रॉस खेळायचं आहे. मोकळ्या माळावर मातीचा वळणावळणाचा मार्ग आखतात, कडेला कोन आणि जुने टायर मांडतात, आणि गाडी वेळ मोजत सोडतात. कोनाला धक्का लागला की वेळेत सेकंद वाढतात. नवी कोरी गाडी या मातीत घालायची तिची ऐपत नाही. तशी गरजही नाही.

एस्टीम बाजारात आली १९९४ मध्ये. पुढे तिला १६ व्हॉल्व्हचं, १२९८ सीसीचं इंजिन मिळालं. ताकद ८५ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम ९०० किलोंच्या घरात. एवढ्या हलक्या गाडीला एवढी ताकद म्हणजे चैन होती. फॉर्म्युला एलजीबी या भारतीय एकआसनी रेसगाडीत एस्टीमचंच इंजिन बसवायचे, हे तिला घरी नेणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल?

[मिस्त्रीकाकांचा हात. हातात कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक.]

काका बॉनेट उघडत नाहीत. आधी चुंबक फिरवतात. जिथे ते पत्र्याला धरत नाही, तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, म्हणजे कधीतरी ठोकलेली गाडी. मागच्या डाव्या चाकावर चुंबक सुटलं. तेवढं चालेल. मग कार्पेट उचलून फ्लोअर, दाराखालची कड, आणि बॉनेटच्या आत शॉकअप जिथे बसतात ते दोन खांब. तिथला पत्रा गंजलेला असला तर व्यवहार तिथेच संपवायचा. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरा फेस नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं नाही. "ताई, इंजिन परत मिळतं," काका म्हणतात, "सांगाडा मिळत नाही."

आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर दोनदा जुळवले. सौदा ४२ हजारांत झाला.

[भोसरी. गॅरेज. सीटं, कार्पेट, दारांचे पॅड, छताचं कापड एकामागून एक बाहेर येतं.]

एसी निघाला, मागची सीट निघाली, डिकीतली स्टेपनी निघाली. फ्लोअरला आवाज कमी करायला डांबरी थर चिकटवलेला असतो. तो गरम हवेच्या गनने मऊ करून खरवडायचा. तीन रविवार ताई हेच करत होती.

आता इथे थोडं थांबायचं आहे.

[लांब नळ्यांचा गठ्ठा. खडूने आखलेल्या खुणा.]

हा पिंजरा, म्हणजे रोल केज. गाडी उलटली तर छप्पर बसू नये म्हणून आतून बांधायचा पोलादी सांगाडा. पाण्याच्या साध्या पाइपाला शिवण असते, आणि धडकेत तो शिवणीवरच फाटू शकतो. इथे लागते बिनशिवणीची, सीमलेस नळी. सीटमागची मुख्य कमान ४५ मिलीमीटर व्यासाची आणि अडीच मिलीमीटर जाडीची, हे एफआयएचं, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचं, माप आहे. ती एकाच अखंड नळीची हवी, मध्ये जोड चालत नाही. वाकवायची थंडच, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची. नळीला सुरकुती पडली, तर तो तुकडा बाद. काकांनी एक बाद केला.

कमानीच्या पायांखाली तीन मिलीमीटर जाडीच्या प्लेटा, प्रत्येकी किमान १२० चौरस सेंटिमीटर, बॉडीला वेल्ड केलेल्या. त्या नसतील तर गाडी उलटताना कमान पत्रा भोसकून खाली जाते.

[ठिणग्या. काकांचा चेहरा मुखवट्याआड.]

वेल्डिंग नळीभोवती पूर्ण फिरायला हवं. छताला लागून असलेल्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही. मग काका काय करतात, पाहा. फ्लोअरला भोकं पाडतात, अख्खा पिंजरा त्यातून खाली उतरवतात, वरचे सांधे सावकाश वेल्ड करतात, आणि पुन्हा उचलून प्लेटांवर बसवतात.

पिंजरा गाडीपेक्षा महाग पडला. तो तसाच पडायला हवा. स्वस्तात गाडी घेणारे बहुतेकजण पहिला पैसा एक्झॉस्टवर आणि चाकांवर घालतात, आणि तीच गाडी रात्री घाटात पळवतात. वेगाची ओढ असलेल्या पोरांना नुसतं ओरडून काही होत नाही. त्यांना पिंजरा द्या, मैदान द्या, शेजारी आग विझवणारा माणूस द्या.

सहा पट्ट्यांचा बेल्ट. खांद्यावरचे पट्टे मागे जवळजवळ सरळ जायला हवेत. थेट जमिनीला बांधले तर धडकेत कणा दाबला जातो. बाहेर निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण. तिथला स्विच ओढला की गाडीची सगळी वीज बंद.

इंजिन पुन्हा बसलं आहे. ब्रेकमध्ये नवं डॉट ४ ऑइल आहे.

ही गाडी आता रस्त्यावर चालवता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल मान्य करत नाही, शर्यतीतल्या नुकसानीला नेहमीचा विमा लागू होत नाही, आणि प्रत्येक वेळी ट्रकचं भाडं आहेच.

[माळरान. सकाळ. टँकर पाणी शिंपडतो. एस्टीम ट्रकवरून उतरते.]

स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीला, परीक्षक पिंजऱ्याच्या सांध्यांवरून बोट फिरवतो, बेल्टची तारीख वाचतो, हेल्मेट उलटं करून पाहतो. मग काचेवर स्टिकर लावतो.

[दोरीपलीकडे आजोबा. हातात पायपंप.]

झेंडा. पहिल्या वळणाला ताई हँडब्रेक उशिरा ओढते आणि गाडी नाकाने सरळ जाते. कोन पडला. दुसऱ्या वळणाला मागची चाकं सुटतात, फिरतात, धरतात.

[धूळ. धुळीतून एस्टीम.]