आधी कुणाची टाचणी पडेल?

(दृश्य: उकळत्या पाण्याच्या डब्याला बसवलेल्या तीन कांड्या)

तांबं, लोखंड, शिसं. तिन्ही कांड्या सारख्याच जाड, सारख्याच काळ्या रंगवलेल्या. दर २ सेंटीमीटरवर मेणानं डकवलेली टाचणी. टोकं पाण्यात आहेत, दिव्यावर नाहीत, कारण शिसं ३२७ अंशांनाच वितळतं.

(जवळून: मेण पारदर्शक होतं, टाचणी कलते, पडते)

पहिलं तांबं. त्यात नवल नाही. आता उरलेल्या दोघांकडे बघा. उष्णता वहनांक, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज वाहते त्याचं माप, लोखंडाचा ८०च्या आसपास, शिशाचा ३५. तरी दोघांच्या पहिल्या टाचण्या जवळपास बरोबरच पडल्या.

(दृश्य: फळा)

मग वेळ ठरवतंय कोण? सूत्र आठवत बसू नका, एककं मांडा. वहनांक म्हणजे वॅट प्रति मीटर प्रति केल्विन. वॅट म्हणजे ज्यूल प्रति सेकंद. सेकंद मिळाला, पण ज्यूल आणि केल्विनही चिकटून आले. ते उडवायला ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्विन अशी राशी हवी. ती आहे घनता गुणिले विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थ एका केल्विननं तापवायला लागणारी उष्णता). हिनं वहनांकाला भागलं की उरतं मीटर वर्ग प्रति सेकंद. हीच औष्णिक विसरणता: तापमानातला बदल किती लवकर पसरतो त्याचं माप.

घनमीटरभर लोखंड एका केल्विननं तापवायला सुमारे ३५ लाख ज्यूल लागतात, शिशाला १५ लाखही नाहीत. म्हणून विसरणता लोखंडाची सेकंदाला २३ चौरस मिलिमीटर, शिशाची २४. तांब्याची ११६.

सेकंद हवेत, तर अंतराच्या वर्गाला विसरणतेनं भागा. अंतर २० मिलिमीटर. त्याचा वर्ग ४००, भागिले २३: साधारण १७ सेकंद. हा फक्त अंदाज. सूत्रातले निव्वळ आकडे मितीतून, म्हणजे राशी कोणत्या मूळ एककांची बनलीय त्यातून, कधीच कळत नाहीत. ज्यूल प्रति केल्विन दिसलं तर ती उष्माधारकता (वस्तू एका केल्विननं तापवायला लागणारी उष्णता) की एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप), हेही कळत नाही.

समीकरणातल्या प्रत्येक पदाची मिती सारखीच हवी, हे फ्रेंच गणितज्ञ फूरिएनं १८२२ साली उष्णतेवरच्याच ग्रंथात मांडलं. आपल्याकडे अकरावीच्या पहिल्या धड्यात मिती शिकवतात, आणि उष्णतेच्या धड्यापर्यंत ती विसरलेली असते. गुण जातात ते इथेच.

(दृश्य: अर्ध्या तासानंतर)

आता तापमान स्थिरावलंय. वहनांक गुणिले जाडी, भागिले हवेत उष्णता जाण्याचा गुणांक: उरतो नुसता मीटर वर्ग. वेळ गेली, विसरणताही गेली. त्याचं वर्गमूळ म्हणजे लांबी, म्हणून मेण कुठवर वितळेल ते आता वहनांकाच्या वर्गमुळावर. लोखंडावर ते शिशाच्या सुमारे दीडपट लांब गेलंय. शिशावरच्या पलीकडच्या टाचण्या तशाच उभ्या आहेत.