कुठे याआधी केव्हा: नॉर्वेच्या समुद्रातली बुडी

नमस्कार मंडळी. नॉर्वेला डायव्हिंगसाठी जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "चांगल्या जागा कुठल्या?" जागांची यादी कुणीही देईल. पण त्या किनाऱ्यावर जागेचं नाव म्हणजे निम्माच पत्ता. महिना कुठला, भरती-ओहोटीचा टप्पा कुठला, हे ठरल्याशिवाय तो पुरा होत नाही. आज मी या उरलेल्या निम्म्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात सॉल्टस्ट्राउमेनपासून करतो. बोडो हे शहर ६७ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर. तिथून रस्त्याने साधारण ३० किलोमीटरवर ही सामुद्रधुनी लागते. लांबी ३ किलोमीटर, रुंदी जेमतेम १५० मीटर. एका तोंडाला समुद्राकडे उघडणारा फियॉर्ड (डोंगरांमध्ये आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी), दुसऱ्या तोंडाला आत कोंडलेला मोठा फियॉर्ड. बाहेर भरती चढते, आतलं पाणी मागे राहतं, आणि हा फरक भरून काढायला दर सहा तासांत सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी या चिंचोळ्या वाटेने आत-बाहेर करतं. ओढीचा वेग २० नॉटपर्यंत जातो असं सांगतात, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. त्यापुढे कितीही पट्टीच्या पोहणाऱ्याचा निभाव लागणार नाही.

तरी तिथे उतरता येतं, कारण दिशा बदलताना पाणी थोडा वेळ थांबतं. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत हा थांबा अगदीच आखूड, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत जरा ऐसपैस. तेव्हा जायचं ते भांगाच्याच दिवसांत. वेळ पाहायची ती खास या सामुद्रधुनीच्या कोष्टकात, कारण बोडो बंदरातली भरतीची वेळ आणि इथलं पाणी वळण्याची वेळ एक नसते. आणि स्थानिक वाटाड्या सोबत नसेल तर काठावर उभं राहून भोवरे पाहावेत, तेही पाहण्यासारखे आहेत. पाण्यात उतरू नये.

खाली गेल्यावर घड्याळाइतकंच केल्पकडे, म्हणजे तिथल्या उंच समुद्रशैवालाकडे लक्ष हवं. उतरता तेव्हा त्याची चामड्यासारखी पाती एका दिशेला आडवी झोपलेली असतात. मग ओढ कमी होते आणि देठ एकेक करून सरळ व्हायला लागतात. काही वेळ सगळं रान ताठ उभं राहतं. हीच तुमची वेळ. पातींची टोकं उलट बाजूला कलली की बुडी संपली, मग फोटो राहिला असला तरी वर यायचं. दुसरी खूण बुडबुड्यांची. सोडलेले बुडबुडे वर न जाता आडवे किंवा खाली जायला लागले, तर तेच पाणी तुम्हालाही खाली नेतंय असं समजा.

त्या थोड्या वेळात काय दिसतं? खडक दिसतच नाही. टॉर्च लावेपर्यंत सगळं हिरवट-करडं. टॉर्च लावला की पांढऱ्या आणि नारिंगी अ‍ॅनिमोनची (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवांची) दाटी, त्यांच्यामध्ये मऊ प्रवाळाचे गुबगुबीत फाटे, आणि कुठे बोटभर खडक मोकळा राहिलाच तर त्यावर गुलाबी शैवालाचा थर. हे सगळे एका जागी बसून खाणारे जीव आहेत. ज्या ओढीची आपल्याला धास्ती, तीच त्यांना दिवसरात्र अन्न आणून देते. थंड पाण्यात प्राणवायूही जास्त विरघळतो. थंडी सोसून तिथे जायचं असं लोक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. ही समृद्धी आहेच मुळी त्या थंडीमुळे आणि ओढीमुळे. २०१३ साली नॉर्वेने पहिली सागरी संरक्षित क्षेत्रं जाहीर केली, त्यात सॉल्टस्ट्राउमेन होतं.

त्यातच ट्रॉन्डहाइम फियॉर्डमधला टाउत्रा इथला उंचवटाही होता. एरवी शेकडो मीटर खोल अंधारात वाढणारं थंड पाण्यातलं प्रवाळ तिथे ३९ मीटरवर आढळलं. इथेही कारण उंचवट्यावरून वाहणारं जोरदार पाणीच.

खडकांच्या कपारीत वुल्फफिश नावाचा मासा भेटतो, नॉर्वेत त्याला स्टाइनबिट म्हणतात. करडा, सुरकुतलेला, थोराड चेहरा आणि ओठांबाहेर डोकावणारे सुळे. सी अर्चिन (काटेरी, गोल समुद्रजीव) आणि खेकडे कवचासकट फोडून खातो, त्यात दात झिजतात, म्हणून दरवर्षी नवे येतात. थंडीने रक्ताचा बर्फ होऊ नये यासाठी शरीरात खास प्रथिनं असतात. मादीने घातलेल्या अंड्यांवर पहारा नर देतो. तेव्हा त्याला कपारीतून हुसकू नका.

आता महिन्यांचं. अटलांटिकमधून येणाऱ्या कोमट प्रवाहामुळे हा किनारा हिवाळ्यातही बर्फापासून मोकळा राहतो. हिवाळ्यात पाणी सर्वांत स्वच्छ असतं. वसंतात ऊन वाढलं की प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) फोफावतं आणि तेच पाणी गढूळ होतं. पण बर्गनच्या उत्तरेला गुलेनमध्ये लोक मुद्दाम मार्चच्या सुमारास जातात, ते न्यूडिब्रँकसाठी. नखाएवढ्या या रंगीत गोगलगायी शोधायला दूरचं दिसण्याची गरज नसते, एक हातभर खडक पुरतो.

वर्षांनुसारही जागा बदलतात. १९७० च्या दशकात मध्य आणि उत्तर नॉर्वेत हिरव्या सी अर्चिननी केल्पची रानंच्या रानं फस्त केली. आता दक्षिणेकडून ती हळूहळू परतत आहेत. ऑर्का (काळे-पांढरे शिकारी देवमासे) पाहायला पूर्वी लोक टिसफियॉर्डला जात. ज्यांवर ते जगतात त्या हेरिंग माशांनी हिवाळ्याचा मुक्काम हलवला, मागोमाग ऑर्काही गेले, आणि आता सगळे शेर्वोयला जातात. जुन्या यादीवर विसंबून गेलात तर हात हलवत परत याल.

नार्विकची गोष्ट वेगळी. १० आणि १३ एप्रिल १९४० ला ब्रिटिश आरमाराशी झालेल्या लढायांत तिथे जर्मनीच्या १० विनाशिका (युद्धनौका) नष्ट झाल्या. काही बंदरात, डायव्हरला पोहोचता येईल इतक्या खोलीवर आहेत. 'गेऑर्ग थीले' आतल्या फियॉर्डमध्ये काठावर चढवली गेली, तिचा पुढचा भाग आजही पाण्यावर दिसतो. दोन्ही बाजूंचे खलाशी या फियॉर्डमध्ये मेले. तिथली एक चकतीसुद्धा खिशात घालू नये, याबाबत मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. ड्रायसूट, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख हवाच. पाणी १० अंशांखाली गेलं की साधा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणून देणारं साधन) दगा देऊ शकतो, कारण टाकीतली हवा दाब कमी होताना आणखी गार होते, आत बर्फ धरतं आणि हवा आपोआप वाहायला लागते. म्हणून थंड पाण्यासाठी बनवलेलाच घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने गुलेनच्या निवाऱ्यातल्या पाण्यात ड्रायसूटची सवय करावी, मग नार्विक पाहावं. सॉल्टस्ट्राउमेन शेवटी ठेवा, आणि सहलीच्या तारखा भांग पाहूनच पक्क्या करा.