एसडीबी गेली, एसडीसी आली

(पडद्यावर: अमळनेरमधील घराची ओसरी. मे महिन्याची दुपार. टेबलावर जुना संगणक, त्याला जोडलेली हाताच्या पंजाएवढी बाहेरची हार्ड डिस्क, कोपऱ्यात कूलर.)

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, कानबाई देवीच्या रोटांच्या वेळची गाणी, जात्यावरच्या अहिराणी ओव्या, असे पुष्कळ ध्वनिमुद्रण या संगणकात साठलेले आहे. एका निवृत्त शिक्षकांनी तापी आणि बोरी नद्यांच्या काठची गावे फिरून ते जमवले. गल्ली त्यांना नाना म्हणते. या साऱ्याची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी, एवढीच नानांची इच्छा होती; पण कॉपी सुरू झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत डिस्क आपोआप संगणकापासून तुटत असे, आणि तिच्यासोबत लिनक्सवर चालणारा हा संगणकही हँग होत असे.

सुट्टीत घरी आलेल्या पुतण्याला नानांनी पहिल्याच दिवशी विचारले, "काय व्हयनं रे भाऊ, डिस्क गयी का?"

डिस्क गेली, हा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. दुकानात नेली तर तिथेही बहुधा हेच सांगतात, कारण पडद्यावर शेवटी दिसणारी ओळ वाचता-लिहिता येत नसल्याची असते. पुतण्याने केबलला हात न लावता आधी कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी उघडल्या. डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या या नोंदींत प्रत्येक ओळीच्या आरंभी, संगणक सुरू झाल्यापासून किती सेकंद लोटले ते लिहिलेले असते. शेवटच्या ओळी मोठमोठ्याने ओरडत होत्या: जर्नल (डिस्कवरच्या बदलांची रोजवही) सोडून दिले, फाइलप्रणाली (डिस्कवरची फाइलींची मांडणी) आता फक्त वाचण्यापुरती. त्याने मात्र वर वर जात पहिली तक्रार शोधली. ती ४१२७ व्या सेकंदाची होती.

(पडद्यावर: नोंदींची ओळ, तिच्यावर बोट.)

या ओळीत यूएएस हे नाव आहे. यूएसबीवरच्या डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती लिनक्समध्ये आहेत. जुनी यूएसबी-स्टोरेज पद्धत एक मागणी पूर्ण झाल्यावरच दुसरी पाठवते. यूएएस एकाच वेळी अनेक मागण्या पाठवून रांग लावते, त्यामुळे वेग वाढतो. इथे रांगेतल्या एका मागणीला उत्तरच आले नाही. अशा मागणीसाठी कर्नेल साधारणपणे ३० सेकंद थांबते, म्हणजे खरी गडबड तक्रारीच्या अर्धा मिनिट आधी, ४०९७ व्या सेकंदाच्या आसपास झालेली होती. त्यानंतर कर्नेलने ती मागणी रद्द करून पाहिली, मग डिस्क रीसेट करून पाहिली, पुन्हा रीसेट केली, आणि अखेर यूएसबी डिस्कनेक्ट अशी नोंद पडली. वाचन-लेखनाच्या चुकांची रांग त्याच्या नंतरची आहे.

आता संशय कोणावर घ्यावा? सर्वात आधी विजेवर. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळणे अपेक्षित असते, आणि फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होताना काही क्षण जास्त ओढते. संगणकाच्या डबड्याच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून आणखी एक बारीक वायर जाते, तिच्यातही दाब घटतो. म्हणून डिस्क मागच्या पोर्टला लावली आणि केबल आखूड घेतली. उन्हाचाही विचार केला, कारण मे महिन्यात खानदेशात पारा ४४ अंशांवर जाणे नवे नाही. डिस्क कूलरच्या झोतात ठेवून पाहिली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली, आणि प्रत्येक वेळी ती तशीच तुटली. डिस्कची स्वतःची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्ट नोंदींतही खराब झालेला एकही सेक्टर नव्हता.

उरले केसिंग, म्हणजे डिस्क ज्यात बसवलेली असते ते बाहेरचे खोके. डिस्कची साटा भाषा यूएसबीच्या भाषेत सांगणारी एक चिप केसिंगमध्ये असते, आणि काही चिपांना यूएएसची रांग झेपत नाही, हे कर्नेलवर काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. अशा उपकरणांची यादीच कर्नेलच्या आत आहे. हे केसिंग त्या यादीत नव्हते. एलएसयूएसबी या आज्ञेने त्याचा उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक मिळाला, आणि या जोडीसाठी यूएएस वापरू नये अशी सूचना संगणक सुरू होतानाच कर्नेलला दिली. वेग उतरला, पण कॉपी अडली नाही.

इथे बरेच जण थांबतात. या मुलाने थांबायचे नाकारले, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. केसिंग सदोष असेल, पण बाहेरची वस्तू मध्येच निघून जाऊ शकते हे गृहीत धरूनच तर हॉट-प्लगची, म्हणजे चालू संगणकाला वस्तू जोडण्या-काढण्याची, रचना केलेली आहे. केबल पायात अडकून निघाली म्हणून संपूर्ण संगणक अडकावा, हा दोष केसिंगच्या माथी मारता येत नाही. तो कर्नेलचा आहे.

त्याने त्याच केसिंगमध्ये रिकामी डिस्क घातली, यूएएस पुन्हा चालू केले, कॉपी लावली आणि केबल मुद्दाम उपसली.

(पडद्यावर: केबल उपसणारा हात. क्षणभर शांतता.)

कॉपीची प्रक्रिया डी अवस्थेत गेली. या अवस्थेतली प्रक्रिया कर्नेलच्या आत कशाची तरी वाट पाहत निजलेली असते आणि किल आज्ञेनेही उठत नाही. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी क्रमाने नावे देते, आणि ही डिस्क एसडीबी होती. केबल परत लावली, तर तीच डिस्क एसडीसी नावाने आली, कारण एसडीबी हे नाव आधीच्या, आता अस्तित्वात नसलेल्या डिस्कच्या फाइलप्रणालीने अजून धरून ठेवले होते. म्हणूनच आपल्या आज्ञावलीत एसडीबी असे नाव कधी लिहू नये, फाइलप्रणालीची यूयूआयडी, म्हणजे तिची न बदलणारी स्वतःची ओळख, लिहावी. दोनेक मिनिटांनी नोंद आली की हे काम १२० सेकंदांहून अधिक काळ अडलेले आहे.

ऑल्ट, सिसआरक्यू आणि डब्ल्यू या कळा एकत्र दाबल्या की अडलेल्या प्रत्येक प्रक्रियेची साखळी कर्नेल छापते: कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले आणि नेमके कोण कशासाठी थांबले. संगणक पुरता गोठला तर या ओळी स्वतःच्या डिस्कवर उतरत नाहीत, म्हणून त्याने नेटकन्सोल लावून त्या नेटवर्कच्या वायरीने शेजारच्या लॅपटॉपवर पाठवल्या. साखळीत स्पष्ट दिसत होते, की कॉपीची प्रक्रिया निघून गेलेल्या डिस्ककडून येणाऱ्या उत्तरासाठी बसली होती आणि ते उत्तर येणार नाही हे तिला कोणीच कळवले नव्हते.

मग त्याने नवे कर्नेल घातले आणि तीच केबल, त्याच पोर्टमधून, पुन्हा उपसली. जुन्यात अडणारे नव्यात अडले नाही, तर कोणत्या बदलाने दुरुस्ती झाली ते गिट बायसेक्ट या आज्ञेने शोधता येते. दर वेळी निम्मे बदल बाजूला पडत असल्यामुळे हजार बदलांमध्ये दहाएक चाचण्यांत उत्तर सापडते. या संगणकावर एकेक कर्नेल तयार व्हायला तासन् तास लागतात, म्हणून ते काम त्याने पुण्याला परतल्यावर करायचे ठरवले आहे. साखळी, नोंदी आणि केसिंगचे दोन्ही क्रमांक वहीत उतरवून ठेवले आहेत.

नव्या कर्नेलवर केबल उपसल्यावर थोड्या वेळाने पडद्यावर इनपुट-आउटपुट एरर अशी ओळ आली, कॉपीची आज्ञा संपली आणि कर्सर पुन्हा लुकलुकू लागला. पुतण्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. एरर आली तर पोरगा खूश का, हे नानांना कळेना, तेव्हा त्याने सांगितले, "नाना, आधी ते नुसतं वाट बघत बसायचं. आता डिस्क नाही म्हणून सांगतंय."

संध्याकाळी यूएएस बंद ठेवून खरी कॉपी लावली. रात्री साडेदहाला ती संपली, सिंक आज्ञेने मेमरीतला उरलेला मजकूर डिस्कवर उतरवला, आणि दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळल्यावरच डिस्क अनमाउंट केली. नानांनी केसिंगवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर पेनाने दोन क्रमांक आणि खाली "यूएएस बंद" असे लिहिले.

(पडद्यावर: पट्टी लावलेले केसिंग. मागे ध्वनिमुद्रणातील जात्याची घरघर.)